वाचक विचारतात : जीन्स, ऑटिझम आणि मोबाईलवरचा आळ

मागच्या अंकात ऑटिझमवर (मेंदूची वाढ वेगळ्या पद्धतीने होते, त्यामुळे मुलाचं बोलणं, मिसळणं, वागणं वेगळं असतं, ती स्थिती) दोनच परिच्छेद लिहिले होते, त्यावर इतकी पत्रं आणि मेल आले की या वेळचा सगळा कॉलम त्यालाच देतेय. बऱ्याच जणांचे प्रश्न एकसारखे होते, म्हणून काही एकत्र केलेत.

प्रश्न : मॅडम, माझा मुलगा पावणेचार वर्षांचा आहे, गेल्या दिवाळीनंतर ऑटिझमचं निदान झालं. प्रेग्नन्सीत मी नवव्या महिन्यापर्यंत लॅपटॉपवर काम करत होते, आणि नंतर तो जेवायचा नाही म्हणून मोबाईल लावून भरवायचे. सासूबाई म्हणतात त्यामुळेच झालं. नणंद म्हणते ग्रहणात भाजी चिरलीस. मिस्टर काहीच बोलत नाहीत. खरंच माझ्यामुळे झालं का? — एक आई, सांगली

उत्तर : नाही ताई. हे आधी सांगून टाकते, बाकीचं नंतर वाचा.

आईवर ढकलायची सवय फक्त आपल्याच घरांत आहे असं नाही. अमेरिकेत 1943 साली लिओ कॅनर या डॉक्टरांनी ऑटिझमच्या 11 मुलांचं वर्णन केलं, आणि पुढे वीसेक वर्षं चांगले शिकलेसवरलेले डॉक्टर सांगत राहिले की थंड, माया न लावणाऱ्या आयांमुळे मुलं अशी होतात. 'रेफ्रिजरेटर मदर' म्हणायचे चक्क. पुरावा काय, तर काही नाही. 1964 मध्ये बर्नार्ड रिमलँड या मानसशास्त्रज्ञाने हे खोडून काढलं, त्याचा स्वतःचा मुलगा ऑटिस्टिक होता आणि बायको कशी आई आहे हे तो रोज घरात बघत होता. मग 1977 मध्ये सुझन फोल्स्टाइन आणि मायकल रटर यांनी ब्रिटनमधल्या जुळ्यांच्या 21 जोड्या तपासल्या. हुबेहूब जुळ्यांच्या 11 जोड्यांपैकी 4 मध्ये दोघांनाही ऑटिझम होता, साध्या जुळ्यांच्या 10 पैकी एकाही जोडीत नाही. आई तीच, घर तेच, वाढवणं तेच, फरक फक्त जीन्स (आईवडिलांकडून मुलात येणाऱ्या शारीरिक सूचना) किती सारखे याचा : हुबेहूब जुळ्यांचे जवळजवळ सगळे, साध्या जुळ्यांचे साधारण निम्मेच. अभ्यास छोटा होता, पण आईवरचा आरोप तिथून ढिला पडला.

आता आकडे खूप मोठे झालेत. 2019 मध्ये डेन्मार्क, स्वीडन, फिनलंड, इस्रायल आणि पश्चिम ऑस्ट्रेलिया मिळून 20 लाख मुलांचा डेटा बघितला, त्यात अनुवंशिकतेचा वाटा 80 टक्क्यांच्या आसपास निघाला आणि आईमुळे म्हणून वेगळा पडणारा परिणाम जवळजवळ नगण्य. फक्त हा 80 टक्के आकडा व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो तसा घेऊ नका. तुमच्या मुलाचा ऑटिझम 80 टक्के जीन्समुळे आणि 20 टक्के तुमच्या वागण्यामुळे असा त्याचा अर्थ होत नाही. लाखो लोकांमध्ये एकाला ऑटिझम आहे आणि दुसऱ्याला नाही, हा जो फरक पडतो त्यातला किती जीन्सच्या फरकाने समजावता येतो, एवढंच तो सांगतो. एका मुलाबद्दल तो काहीही सांगत नाही. आणि उरलेल्या 20 मध्येही 'वातावरण' म्हणजे घरातलं वातावरण नव्हे, त्यात गर्भातल्या घडामोडी, इन्फेक्शन, औषधं, अगदी मोजता न येणारा निव्वळ योगायोगसुद्धा येतो.

मोबाईलचं म्हणाल तर ऑटिझमशी जोडलेले कितीतरी जीन्स बाळ पोटात असताना, साधारण मधल्या महिन्यांत मेंदूत जोरात काम करत असतात. म्हणजे तुमच्या मुलाने पहिला व्हिडिओ बघितला त्याच्या कितीतरी आधी ही गोष्ट सुरू झालेली. स्क्रीनमुळे होतो म्हणून 'व्हर्च्युअल ऑटिझम' नावाचं जे हल्ली फिरतंय ते निदानाच्या कुठल्याही अधिकृत यादीत नाही. स्क्रीन कमी करा, जरूर करा, कारण तेवढा वेळ त्याच्याशी बोलता-खेळता येईल. पण गुन्हा कबूल केल्यासारखं करू नका.

ज्या बाहेरच्या कारणांचा पुरावा पक्का आहे ती वेगळीच आहेत. गरोदरपणात रुबेला (अंगावर पुरळ आणणारा एक संसर्गजन्य ताप) होणं हे एक, अमेरिकेत 1964 च्या साथीनंतर जन्मलेल्या मुलांमध्ये स्टेला चेस यांनी ऑटिझम खूप जास्त प्रमाणात पाहिला. दुसरं व्हॅल्प्रोएट हे फिट्सचं औषध, डेन्मार्कच्या 2013 च्या अभ्यासात ते गर्भात असताना मिळालेल्या मुलांत ऑटिझम 4.4 टक्के आणि बाकीच्यांत 1.5 टक्के दिसला. (कुणी हे औषध घेत असेल तर स्वतःहून बंद करायचं नाही हं, फिट आली तर आई आणि बाळ दोघांना धोका, मूल हवंय असं ठरवतानाच न्यूरोलॉजिस्टशी बोलायचं.) तिसरं म्हणजे खूप आधी जन्मलेलं बाळ. लॅपटॉप, ग्रहण आणि भाजी यात कुठेच नाहीत. हे पान मिस्टरांना वाचायला द्या, गप्प बसून चालणार नाही म्हणावं.

प्रश्न : डॉक्टर म्हणतात जेनेटिक आहे. पण माझ्या किंवा बायकोच्या घराण्यात कुणालाच असं नाही, मग जेनेटिक कसं? टेस्टचे पंचवीस-तीस हजार सांगतायत, करावी का? दुसऱ्या मुलाचा विचार आहे. — एक वडील, नाशिक

उत्तर : जेनेटिक म्हणजे घराण्यातून आलेलं असंच असतं हा आपला समज. प्रत्येक बाळाच्या डीएनएत (जीन्स ज्याचे बनलेले असतात त्यात) साधारण 60-70 बदल असे असतात जे आईतही नसतात आणि वडिलांतही नसतात. जाडजूड वही हाताने उतरवून काढताना कुठेतरी काना-मात्रा राहून जावी तसे हे होतात. बहुतेक ठिकाणी काही बिघडत नाही, पण तो बदल मेंदूच्या एखाद्या महत्त्वाच्या जीनवर पडला तर अर्थ बदलतो. यातले जास्त बदल वडिलांकडून येतात आणि वडिलांच्या वयाच्या दर वर्षामागे साधारण दोन वाढतात, आइसलँडच्या कुटुंबांवर 2012 मध्ये हे मोजलंय. म्हणजे वरच्या सांगलीच्या सासूबाईंना हिशेबच मांडायचा असेल तर स्वतःच्या मुलाचं वयही धरावं लागेल! (गंमत केली, दोष कुणाचाच नाही.)

2020 मध्ये 35 हजारांवर लोकांच्या तपासणीतून ऑटिझमशी जोडलेले 102 जीन्स समोर आले. सीएचडी8, शँक3, एससीएन2ए ही त्यातली नेहमी ऐकू येणारी नावं. शिवाय अगदी छोटा छोटा परिणाम करणारे हजारो सामान्य फरक असतात, ते तुमच्यात, माझ्यात, सगळ्यांत आहेत, दोन्हीकडून थोडे थोडे येऊन मुलात जास्त साठू शकतात आणि घराण्यात कुणालाच काही 'दिसत' नाही. तुमचं लग्न नात्यातलं असेल, मामेबहीण वगैरे, तर तेही सांगा, तिथे दोघांकडून जीनची एकच बिघडलेली कॉपी येण्याची शक्यता वाढते.

टेस्टबद्दल माझं मत स्पष्ट आहे : सोबत फिट्स, बौद्धिक वाढीत उशीर, चेहऱ्याची किंवा डोक्याची ठेवण वेगळी, असं काही असेल किंवा पुढचं मूल हवं असेल तर करा. क्रोमोझोमल मायक्रोअ‍ॅरे (डीएनएचे मोठे तुकडे कमी-जास्त आहेत का ते बघणारी), फ्रॅजाइल एक्स (बौद्धिक वाढीवर परिणाम करणाऱ्या एका अनुवंशिक विकाराची) आणि मग गरज वाटली तर एक्झोम (जीन्सचा मुख्य भाग अक्षर अन् अक्षर वाचणारी). ढोबळमानाने शंभरातल्या पंधरा-वीस मुलांत नेमकं कारण सापडतं, म्हणजे रिपोर्ट कोरा येण्याचीच शक्यता जास्त आणि कोरा रिपोर्ट म्हणजे 'जेनेटिक नाही' असंही नाही. 'अर्थ अनिश्चित' (म्हणजे बदल सापडला, पण त्याने काही बिघडतं का ते माहीत नाही) असा शेरा आला तर घाबरायचं नाही, पण जेनेटिक काउन्सेलरशिवाय (असे रिपोर्ट समजावून सांगणाऱ्या तज्ज्ञाशिवाय) टेस्ट करायचीच नाही. फ्रॅजाइल एक्स मी आग्रहाने सांगते, कारण त्यात एफएमआर1 जीनमधला एक तुकडा 200 पेक्षा जास्त वेळा रिपीट होऊन जीन बंद पडतो, आणि तो निघाला तर मुलाच्या मावशीला, मामेबहिणीलाही कळायला हवं. आणि हो, रिपोर्टने थेरपी बदलेल अशी आशा सहसा धरू नका. थेरपी रिपोर्टची वाट बघत थांबवायची तर अजिबातच नाही.

पहिल्या मुलाला ऑटिझम असेल तर पुढच्याला असण्याची शक्यता साधारण पाचात एक. म्हणजे पाचातल्या चारांना नसतो. टेस्टमध्ये नेमकं कारण सापडलं तर हा आकडा तुमच्यासाठी बराच खाली किंवा वर जाऊ शकतो, पैसे खर्च करायचे ते यासाठी.

प्रश्न : लहानपणीची लस आणि गरोदरपणातलं पॅरासिटामॉल यांनी ऑटिझम होतो का, यावर ग्रुपवर भांडणं चाललीत. खरं काय? — ठाणे, पुणे, बेळगाव इथून

उत्तर : लसीचा विषय संपलाय हो. लसीचा ऑटिझमशी संबंध जोडणारा 1998 चा तो पेपर फक्त 12 मुलांवर होता, 2010 मध्ये जर्नलने मागे घेतला आणि लिहिणाऱ्या डॉक्टरचं नाव ब्रिटनच्या डॉक्टरांच्या रजिस्टरमधून काढलं. डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांवर मुलं बघितली, एमएमआर (गोवर, गालगुंड आणि रुबेलाची एकत्र लस) घेतलेली आणि न घेतलेली, फरक नाही. उलट रुबेलाची लसच वरच्या यादीतलं एक कारण टाळते.

पॅरासिटामॉलचं सप्टेंबर 2025 मध्ये अमेरिकन सरकारने जाहीर बोलून उठवलं. काही अभ्यासांत थोडा संबंध दिसतो हे खरं, पण औषध घेणाऱ्या बाईला ताप असतो, इन्फेक्शन असतं, मायग्रेन असतं, मग परिणाम कशाचा? स्वीडनने 2024 मध्ये सुमारे 25 लाख मुलांचा डेटा घेऊन सख्ख्या भावंडांची तुलना केली, एकाच्या वेळी आईने गोळी घेतली होती आणि दुसऱ्याच्या वेळी नाही, तेव्हा तो संबंध नाहीसाच झाला. गरोदरपणात ताप अंगावर काढणं जास्त वाईट. डॉक्टरांना विचारून, लागेल तेवढीच घ्या.

प्रश्न : माझ्या सख्ख्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. माझं लग्न ठरतंय. माझ्या मुलांना होईल का? एखादी ब्लड टेस्ट आहे का? आणि समोरच्यांना सांगायचं का? — एक बहीण, अकोला

उत्तर : स्किझोफ्रेनिया म्हणजे भास-भ्रम होऊन वास्तवाशी संबंध सुटण्याचा मानसिक आजार, सर्वसाधारण लोकांत तो साधारण शंभरात एकाला होतो. ज्याला आजार आहे त्याच्या भाचरांमध्ये हे प्रमाण तीन-चार टक्क्यांपर्यंत सांगतात, म्हणजे शंभरातल्या 96 जणांना नाही. आणि हुबेहूब जुळ्यांतही एकाला असेल तर दुसऱ्याला निम्म्याहून कमी वेळा होतो, नुसत्या जीन्सवर सगळं ठरत असतं तर असं झालं नसतं. नेदरलँड्समध्ये 1944-45 च्या हिवाळ्यात युद्धामुळे भीषण उपासमार झाली, तेव्हा गर्भात आलेल्या मुलांमध्ये पुढे या आजाराचं प्रमाण दुप्पट दिसलं. गांजा हे दुसरं, रोज ओढणाऱ्यांत सायकोसिसचा (भास-भ्रम होण्याचा) धोका काही पटींनी जास्त असतो. तुमच्या घरात हा आजार आहे, तेव्हा तुम्ही आणि पुढे तुमची मुलं, गांजाला 'नैसर्गिक आहे' म्हणून हात लावू नका.

ब्लड टेस्ट नाही. 2022 पर्यंत जीनोममधल्या (माणसाच्या सगळ्या डीएनएमधल्या) 287 जागा या आजाराशी जोडल्या गेल्यात, प्रत्येकीचा परिणाम चिमूटभर, त्यांची बेरीज करून एका माणसाचं भविष्य सांगता येत नाही. थुंकीचा नमुना घेऊन 'मेंटल हेल्थ रिस्क' सांगणारं कुणी भेटलं तर पैसे वाचवा.

समोरच्यांना सांगा. भावाचा आजार लपवून केलेल्या लग्नात तुम्हाला आयुष्यभर धाकात राहावं लागेल, आणि ऐकून स्थळ मोडलं तर बरंच झालं म्हणायचं.

प्रश्न : स्टेम सेल (दुसऱ्या प्रकारच्या पेशींत बदलू शकणाऱ्या मूळ पेशी) टोचून ऑटिझम बरा होतो का? लाखोंचा खर्च सांगतात. — तिघांनी विचारलंय

उत्तर : नाही. नॅशनल मेडिकल कमिशनच्या समितीने 2022 मध्येच ऑटिझमसाठी ही ट्रीटमेंट देऊ नये असं सांगितलंय. जमीन विकू नका. आईवडिलांनाच शिकवून मुलाशी संवाद वाढवणारा एक कार्यक्रम गोव्यात संगाथ संस्थेने आणि रावळपिंडीत तिथल्या लोकांनी मिळून तपासला, साध्या प्रशिक्षित कार्यकर्त्यांकडून तो चालवता येतो हे 2016 मध्ये छापून आलंय. तसलं काही जवळपास आहे का ते आधी शोधा.

प्रश्न : मी एमएस्सी बायोटेक करतोय, यात रिसर्च करायचाय. आपल्याकडे काही होतं का? — कोल्हापूर

उत्तर : होतं की. बंगळुरूला निम्हान्स (मानसिक आरोग्य आणि मेंदूविकारांची राष्ट्रीय संस्था) आणि एनसीबीएस (जीवशास्त्राचं संशोधन केंद्र) मिळून मानसिक आजार असलेल्या कुटुंबांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा करतात, त्यांच्या पेशींपासून लॅबमध्ये न्यूरॉन वाढवून अभ्यास करतात. जीनोम इंडिया प्रकल्पात 10 हजार भारतीयांचे जीनोम वाचून झालेत. वर मी दिलेले आकडे बघ, जवळपास सगळे युरोपियन वंशाच्या लोकांचे आहेत, आपल्या लोकांवर काय लागू पडतं हे तुमच्या पिढीलाच शोधायचंय. फक्त स्टॅटिस्टिक्स पक्कं कर. 2003 मध्ये न्यूझीलंडच्या ड्युनेडिनमधल्या अभ्यासावरून 'डिप्रेशनचा जीन' सापडल्याचा गाजावाजा झाला, शेकडो पेपर त्यावर निघाले, आणि 2019 मध्ये लाखो लोकांच्या डेटावर तपासलं तर त्या जीनमध्ये आणि तसल्याच आणखी 17 मध्ये काही दम निघाला नाही. आधी आर आणि पायथन या डेटा हाताळायच्या प्रोग्रॅमिंग भाषा शीक, मग लॅबमधलं पिपेट उचल.