लाइट बिल, बाटला आणि पाइपचा गॅस: बडोद्यात स्वस्त काय पडतं?

प्रश्न (मांजलपूर): मुलगी इंग्लंडमध्ये राहते. तिथे वीज आणि गॅस कंपन्यांचे दर ताडून पाहता येतात आणि स्वस्त कंपनीकडे जाता येतं. आपल्याला एमजीव्हीसीएल (इथली सरकारी वीज वितरण कंपनी) सोडून दुसरीकडून वीज घेता येईल का?

उत्तर: घरगुती ग्राहकाला नाही. वीज दुसऱ्याकडून घेण्याची सोय, म्हणजे ओपन ॲक्सेस, एक मेगावॅटच्या वरच्या ग्राहकांसाठी आहे. हरित ऊर्जेसाठी २०२२ च्या नियमांनी ती मर्यादा १०० किलोवॅटवर आणली. घराचा मंजूर भार (जोडणीला कंपनीने मान्य केलेली कमाल मर्यादा) तीन-चार किलोवॅटचा, तेव्हा ते दार बंदच. दर गुजरात वीज नियामक आयोग ठरवतो, कंपनीला त्यात सूट देता येत नाही. बाटल्याचंही (गॅस सिलिंडरचंही) तसंच: इंडेन, भारत, एचपी तिघांचा घरगुती भाव एका शहरात एकच असतो. पोर्टेबिलिटीने वितरक बदलता येतो, पण त्याने सेवा सुधारेल, भाव नाही. पाइपच्या गॅसलाही एका भागात एकच अधिकृत कंपनी असते.

म्हणजे आपल्याकडे निवड कंपन्यांमध्ये नसून इंधनांमध्ये आहे: कोणतं काम विजेवर, कोणतं गॅसवर. त्यासाठी शेवटच्या युनिटचा भाव माहीत हवा. शेवटचं युनिट म्हणजे एक युनिट कमी वापरलं तर बिलातून जे गळेल ते. बिलाची रक्कम भागिले एकूण युनिट ही सरासरी इथे कामाची नाही, ती फसवते.

शहरी घरगुती दराचे महिन्याचे टप्पे असे: पहिल्या ५० युनिटांना ३.०५ रुपये, पुढच्या ५० ना ३.५०, त्यापुढच्या १५० ना ४.१५ आणि २५० च्या वर ५.२०. बिल दोन महिन्यांचं असेल तर टप्पे दुप्पट धरा. पण एवढ्यावर भागत नाही. प्रत्येक युनिटवर इंधन आकार (बिलावर एफपीपीपीए) बसतो, तो जुलै २०२५ पासून २.३० होता. त्याआधी २.४५ आणि ऑक्टोबर २०२४ च्या आधी २.८५. तो बदलत राहतो, म्हणून ताज्या बिलावरचा आकडा घ्या. या सगळ्यावर शहरात १५ टक्के वीज शुल्क. २.३० धरून हिशेब केला तर चार टप्प्यांत शेवटचं युनिट अनुक्रमे ६.१५, ६.६७, ७.४२ आणि ८.६३ रुपयांना पडतं. दरपत्रकावर ३.०५ वाचून ‘वीज किती स्वस्त’ म्हणणाऱ्याने हा आकडा पाहावा.

प्रश्न (रावपुरा): दोन महिन्यांत ५०० युनिट ओलांडली की सगळीच युनिटं महाग दराने लागतात, म्हणून घरात दुसरा मीटर घ्या, असं इलेक्ट्रिशियन सांगतो. घ्यावा का?

उत्तर: पहिलं वाक्यच चूक आहे. महाग दर फक्त ओलांडलेल्या युनिटांना लागतो. ५०० ऐवजी ५२० झाली तर वरची २० युनिटं ४.१५ ऐवजी ५.२० ने मोजली जातात. टप्पा ओलांडल्याचा भुर्दंड शुल्क धरून २४ रुपये. ही भीती बहुधा इंदूर-ग्वाल्हेरच्या नातेवाइकांकडून आलेली असावी. मध्य प्रदेशात अटल गृह ज्योती योजनेत १०० युनिट १०० रुपयांत मिळतात, पण महिन्याचा वापर १५० युनिटांच्या आत असेल तरच. तिथे १५१ वं युनिट खरोखर महागात जातं. इथे तशी धार नाही.

दुसऱ्या मीटरचा हिशेबही पाहा. महिन्याला ३५० युनिट वापर १७५-१७५ असा विभागला गेला, तर फरक १९२ रुपये ५० पैसे, शुल्कासह २२१. त्यातून नव्या जोडणीचा फिक्स्ड चार्ज वजा करा, दोनशेच्या आसपास उरतात. दोन्ही मीटरवर २५० च्या वर वापर असला तरी शुल्कासह ४०२ रुपयांच्या पुढे फायदा जात नाही. शिवाय एकाच बिऱ्हाडाला केवळ टप्पा वाचवायला दुसरी जोडणी मिळत नाही. वरच्या मजल्यावर मुलाचं खरोखर वेगळं बिऱ्हाड, वेगळं स्वयंपाकघर आणि वेगळी वायरिंग असेल, तर कागदपत्रं देऊन रीतसर अर्ज करा. एकच वायरिंग दोन मीटरना वाटून देणारा मात्र टाळा. दोन मीटरचे न्यूट्रल एकत्र झाले की रीडिंगचा घोळ होतो आणि लिकेज ब्रेकर (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारं बटण) सारखा पडतो.

प्रश्न (दांडियाबाजार): नवा पाइपचा गॅस घेतला. शेजारी म्हणतात निम्म्यात भागतं, आमचं बिल मात्र बाटल्याइतकंच येतं. मीटर जास्त दाखवतो का?

उत्तर: मीटरच्या आधी शेगडी तपासा.

उष्णतेच्या हिशेबाने १४.२ किलोचा बाटला म्हणजे पाइपचा साधारण १८ घनमीटर (एससीएम) गॅस. म्हणून लोक बाटल्याच्या किमतीला १८ ने भागतात आणि तो भाव पाइपच्या दराशी ताडतात. पण पातेल्यात किती उष्णता शिरते, हे शेगडीवर ठरतं. आयएसआय एलपीजी शेगडीची कार्यक्षमता किमान ६८ टक्के असावी लागते. तीच शेगडी जेट (बर्नरला गॅस सोडणारं बारीक भोकाचं तोंड) बदलून पाइपच्या गॅसवर लावली की ती ४० टक्क्यांच्या आसपास उतरते. पीसीआरए (इंधन बचतीचं काम करणारी सरकारी संस्था) आणि डेहराडूनची भारतीय पेट्रोलियम संस्था यांनी खास पाइप गॅससाठी शेगडी विकसित केली, ती ५५ टक्क्यांपर्यंत जाते. म्हणजे चांगल्या शेगडीवर बाटल्याच्या जागी साडेबावीस एससीएम लागतील आणि जुनी शेगडी तशीच चालवली तर ३१.

आता बाटला ९०० रुपयांचा धरा. नुसत्या उष्णतेवर बरोबरीचा भाव ५० च्या आसपास येतो, खास शेगडीवर ४०, बदललेल्या शेगडीवर २९. तुमच्या गॅसबिलातला एससीएमचा दर यांपैकी कुठे बसतो ते पाहा. दर करासह आहे ना, तेही बघा: पाइपचा गॅस जीएसटीत नाही, त्यावर राज्याचा व्हॅट लागतो. ६८ टक्के हा नव्या शेगडीचा आकडा आहे. तुमची बाटल्याची शेगडीही जुनी असेल तर पाइपच्या बाजूने थोडी सूट धरा.

फरक इतका पडतो त्याचं कारण जेट. घराघरांत एलपीजी साधारण ३० मिलिबार दाबाने येतो, पाइपचा गॅस २१ ने, आणि त्यात घनमीटरमागे उष्णता एलपीजीच्या निम्म्याहूनही कमी. तितकीच आच हवी तर जेटचं भोक मोठं लागतं. घाईत काम झालं की लहान आणि मोठ्या बर्नरचे जेट अदलाबदल होतात, किंवा हवेची पट्टी एलपीजीच्या जागीच राहते. ज्वाळा पिवळी पडते, पातेल्याचं बूड काळं होतं. ज्वाळा निळी, आवाज न करणारी आणि बुडाच्या आत राहणारी हवी. हे काम कंपनीच्या माणसाकडूनच करून घ्या. पाइपच्या जेटची शेगडी पुन्हा बाटल्याला कधीही जोडू नका, मोठ्या भोकातून एलपीजीची ज्वाळा फार उंच उठते.

तरीही मीटरवर संशय असेल तर सगळी बटणं बंद करून शेवटच्या अंकाचा फोटो काढा आणि अर्ध्या तासाने पुन्हा पाहा. अंक हलला असेल तर गळती समजा. कॉक बंद करा, खिडक्या उघडा, विजेची बटणं दाबू नका आणि घराबाहेर जाऊन कंपनीला कळवा.

प्रश्न (वाघोडिया रोड): इंडक्शनवर स्वयंपाक केला तर बाटला वाचेल का?

उत्तर: बाटला वाचेल. पैसे वाचतील का, याचं उत्तर तुमच्या टप्प्यात आहे. इंडक्शनची कार्यक्षमता ८५ टक्के धरली तर एका बाटल्याचं काम १४४ युनिटांत होतं. बाटल्याची किंमत भागिले १४४, हा तुमचा बरोबरीचा भाव. ९०० च्या बाटल्याला तो ६.२५ येतो. शेवटचं युनिट ७.४२ चं असेल तर बाटला १,०६८ च्या पुढे गेल्यावरच इंडक्शन परवडेल. उन्हाळ्यात एसी चालू असताना शेवटचं युनिट ८.६३ ला पोचतं, मग १,२४२ च्या पुढे. ‘पहिल्या टप्प्यात वीज सहाची’ हा हिशेब करू नका, तो टप्पा फ्रिज आणि पंख्यांनी आधीच खाल्लेला असतो.

पाइपच्या गॅसशी ताडताना चांगल्या शेगडीवरचा एक एससीएम ६.४ युनिटांबरोबर आणि बदललेल्या शेगडीवरचा ४.६ युनिटांबरोबर धरा.

छपरावर सोलर असेल तर चित्र पालटतं. सोलरची वीज आधी महागड्या वरच्या युनिटांतून वजा होते आणि जास्तीच्या युनिटांना मिळणारा भाव फारच कमी असतो. अशा घरी जास्तीची वीज विकण्यापेक्षा इंडक्शनवर चहा, दूध, कुकर करणं बरं. फुलक्यांसाठी ज्वाळा लागेलच.

दोन हजार वॅटचं इंडक्शन नऊएक अँपियर ओढतं. ते सहा अँपियरच्या सॉकेटला लावलं तर पिन तापून प्लग वितळतो. सोळाचं सॉकेट घ्या.

प्रश्न (प्रतापनगर): मंजूर भार कमी करून घेतला तर बिल उतरेल का? आणि नवा मीटर बरोबर आहे हे कसं तपासावं?

उत्तर: फिक्स्ड चार्ज दोन किलोवॅटपर्यंत १५ रुपये महिना, चारपर्यंत २५, सहापर्यंत ४५, त्यावर ७०. पाचाचा भार चारावर आणला तरी शुल्कासह २३ रुपये वाचतील. एसी आणि गीझर असलेल्या घरात यासाठी हेलपाटा मारू नका.

मीटरसाठी: घरातलं सगळं बंद करा, १,००० वॅटची एकच वस्तू चालू ठेवा. हीटर चालेल, इस्त्री मध्येच बंद-चालू होते म्हणून नको. मीटरवर प्रति युनिट किती पल्स ते छापलेलं असतं. १,६०० असतील तर लाल दिवा मिनिटाला २६-२७ वेळा लुकलुकायला हवा, ३,२०० असतील तर ५३ च्या आसपास. व्होल्टेज कमी-जास्त असेल तर थोडा फरक पडतो. सरळ दीडपट दिसलं तर शुल्क भरून मीटर तपासणीचा अर्ज करा. आणि मेन सुरू, पण घरातले सगळे एमसीबी खाली केल्यावरही दिवा लुकलुकत असेल, तर मीटर ते डीबी (घरातली एमसीबींची पेटी) या तुकड्यात कुणाची तार जोडलेली आहे का ते आधी पाहा.