सायटेशन्स कमी असताना एनआयडब्ल्यू मिळतं का?

तुम्ही पोस्टडॉक करताय, सायटेशन्स (इतरांनी आपल्या पेपरांत दिलेले तुमच्या पेपरांचे संदर्भ) साठ-सत्तर, कॉलेज मोठ्या नावाचं नाही, आणि अमेरिकेत एनआयडब्ल्यूसाठी (नॅशनल इंटरेस्ट वेव्हर, म्हणजे काम देशहिताचं म्हणून कंपनीशिवाय स्वतःच ग्रीन कार्डसाठी केलेला अर्ज) अर्ज करावा का असं विचारताय. करा. किती सायटेशन्स लागतात हा हिशोब मात्र सोडा, असा आकडा कुठल्याच नियमात नाही. एनआयडब्ल्यू कुणाला द्यायचं हे ठरवणाऱ्या, २०१६ च्या धनासर निकालाच्या तीन कसोट्या तुम्ही वाचल्या असतीलच. ते धनासरसुद्धा इंजिनिअरिंगचेच संशोधक, हायपरसॉनिक प्रोपल्शनवाले.

मला एका वकिलाने निव्वळ सायटेशन्स बघून परत पाठवलं होतं. "शंभरच्या खाली आम्ही केस घेत नाही." दुसऱ्याने घेतली, पण त्याच्या डोक्यातही तेच.

माझं काम पुलांचं. उत्तरेकडच्या राज्यांत हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात. ते खारं पाणी काँक्रीटमध्ये मुरतं, सळई गंजते, गंज फुगतो आणि वरचं काँक्रीट सुटतं. गंज चालू आहे का हे हाफ-सेलने, म्हणजे सळईचं विद्युत विभव मोजणाऱ्या उपकरणाने बघतात, रीडिंग उणे ३५० मिलिव्होल्टच्या खाली गेलं की गंजाची शक्यता ९० टक्क्यांवर धरतात. ओल्या, गोठलेल्या डेकवर (पुलाच्या रस्त्याच्या स्लॅबवर) हे रीडिंग फसवतं. ते दुरुस्त करून कसं वाचायचं, हे माझं संशोधन. एका राज्याच्या पूल-देखभाल विभागातला इंजिनिअर ते वापरत होता. त्याने पत्र दिलं: कोणत्या डेकवर रीडिंग काय आलं, माझ्या पद्धतीने काय निघालं, आणि काँक्रीट फोडल्यावर सळई खरंच कशी दिसली.

वकिलाने ते पत्र फाइलमध्ये घातलंच नाही. का, तर त्या माणसाकडे पीएचडी नाही. त्याऐवजी प्राध्यापकांची पत्रं गेली, सगळ्यांत मी "असामान्य प्रतिभेची". मग आरएफई, म्हणजे इमिग्रेशन खात्याचं जादा पुरावा मागणारं पत्र, आला: पत्रांत स्तुती आहे, पण या कामाचा प्रत्यक्ष उपयोग कुठे झाला ते दिसत नाही. मी वकिलाला सांगितलं, आता ते इंजिनिअरचं पत्र सगळ्यात वर लावायचं. तो कुरकुरला, पण लावलं. आय-१४०, म्हणजे एनआयडब्ल्यूचा तो अर्ज, मंजूर झालं. मंजुरीच्या कागदावर कारणं नसतात, त्यामुळे पुरावा मागू नका. पण काम वापरणाऱ्याचं एक पत्र दहा प्राध्यापकांच्या स्तुतीपेक्षा जड असतं, हे माझं ठाम मत आहे. तुमचं काम कोण वापरतं ते आधी शोधा.

आता दुसरा मुद्दा, जो आमच्या घरात अजून मिटलेला नाही. माझे दीर इथेच असतात. त्यांचं म्हणणं, भारतीयांसाठी ही मंजुरी म्हणजे नुसता कागद. वर्षाला नोकरीवर आधारित ग्रीन कार्डं साधारण १,४०,००० आणि एका देशाला ७ टक्के, त्यामुळे ईबी-२ मध्ये (एनआयडब्ल्यू ज्या गटात येतं त्यात) भारताची तारीख दहा वर्षांहून मागे आहे. आकडे बरोबर आहेत, निष्कर्ष साफ चूक. अर्ज दाखल झाला त्या दिवशी रांगेतला तुमचा नंबर लागतो आणि मंजुरीनंतर तो पुढे ईबी-१ (वरच्या गटातून अर्ज) केलं तरी सोबत येतो. मंजुरी असली की सहा वर्षांनंतरही एच-१बी, म्हणजे नोकरीचा व्हिसा, तीन-तीन वर्षं वाढतो. आणि २०१५ पासून, अशी मंजुरी असेल तर एच-४ वरच्या (एच-१बीवाल्याच्या) जोडीदाराला परवाना घेऊन काम करता येतं. माझा नवरा मेकॅनिकल इंजिनिअर, मंजुरी येईपर्यंत घरी बसून होता. आज तो कारखान्यात प्लांट सांभाळतो, तो याच "नुसत्या कागदा"वर. दीर म्हणतात, कंपनीने पर्म (कंपनीमार्फत ग्रीन कार्डसाठी लागणारी श्रम खात्याची मंजुरी) केलंच असतं. कुठली कंपनी? पोस्टडॉकसाठी कोण पर्म करतं? एनआयडब्ल्यूमध्ये अर्जदार तुम्ही स्वतः असता, नोकरी बदलली तरी अर्ज तुमचाच राहतो, हे त्यांना कधी पटलं नाही.

दोन गोष्टी राहिल्या. प्रीमियमचे, म्हणजे लवकर निकालासाठीचे जादा पैसे भरले की ४५ कामकाजाच्या दिवसांत उत्तर येतं, पण ते उत्तर आरएफईसुद्धा असू शकतं. आणि तुम्ही जे-१ वर (एक्सचेंज व्हिजिटर व्हिसावर) असाल, तर दोन वर्षं मायदेशी राहायची अट तुम्हाला लागू आहे का हे आधी तपासा. लागू असेल तर आय-१४० मंजूर होईल, पण त्या अटीतून सूट (वेव्हर) मिळाल्याशिवाय किंवा ती दोन वर्षं काढल्याशिवाय ग्रीन कार्ड होणार नाही. हल्ली छाननीही कडक झाली आहे, म्हणून पत्रांची जुळवाजुळव आजच सुरू करा.