वाचक विचारतात: गोल्डन बॉल मिळाला म्हणजे झालं का?

प्रश्न : फुटबॉलच्या अंडर-१७ वर्ल्ड कपमध्ये जो बेस्ट प्लेअर ठरतो, म्हणजे गोल्डन बॉल ज्याला मिळतो, तो पुढे स्टार होतोच ना? आमचे चिरंजीव म्हणतात गोल्डन बॉल मिळाला की लाइफ सेट.

उत्तर : सेट वगैरे काही नसतं हो. म्हणजे होतातही, २००३ चा सेस्क फाब्रेगास, २००७ चा टोनी क्रूस, २०१७ चा फिल फोडेन, ही गोल्डन बॉलवाली मंडळी पुढे मोठी स्टार झाली ते सगळ्यांना माहितीये. पण त्याच यादीत १९९१ चा घानाचा नी लॅम्प्टे पण आहे, ज्याच्यावरून सगळे वेडे झाले होते आणि नंतर बिचारा बेल्जियम, हॉलंड, इंग्लंड, इटली, अर्जेंटिना, टर्की, चीन असा क्लब बदलत फिरत राहिला. अंडर-२० मध्ये बघा, २००९ ला घानाचाच डॉमिनिक अदिया, ८ गोल, गोल्डन बॉल पण त्याचा आणि सर्वात जास्त गोलसाठीचा गोल्डन बूट पण, टीमनं फायनलमध्ये ब्राझीलला पेनल्टीवर हरवून कप नेला, इटलीच्या एसी मिलान क्लबनं लगेच उचलला आणि लीगची एकही मॅच तो त्यांच्याकडून खेळला नाही!

असं का होतं? सोळा-सतराव्या वर्षी कुणाचं अंग आधी भरतं कुणाचं उशिरा, आणि ज्याचं आधी भरलं तो धक्के देत, पळत सुटत गोल मारतो, मग दोन-तीन वर्षांत बाकीचे उंचीला-ताकदीला त्याच्या बरोबरीला येतात आणि तेव्हा नुसता स्पीड पुरत नाही. त्यात मोठ्या क्लबनं घेतलं की पोरगं बेंचवर. माझं तर स्पष्ट मत आहे, या वयात कुणाला पुढचा अमुक-तमुक म्हणूच नये, त्याचं ओझंच होतं. अंडर-२० चा अंदाज त्यामानानं जरा बरा लागतो, १९७९ ला मॅराडोना आणि २००५ ला मेस्सी तिथूनच पुढे आले.

प्रश्न : नॉर्वेच्या हालांडनं एका मॅचमध्ये ९ गोल मारले हे खरं की फॉरवर्डेड मेसेज?

उत्तर : शंभर टक्के खरं. २०१९ चा अंडर-२० वर्ल्ड कप, पोलंड, नॉर्वे १२ होंडुरास ०. गंमत म्हणजे नॉर्वे तरीही ग्रुपमधूनच घरी गेली कारण आधीच्या दोन्ही मॅच हरली होती, पण गोल्डन बूट मात्र त्या एकाच दिवसाच्या जोरावर हालांडला!

प्रश्न : वय चोरून खेळतात त्याचं काय? दाढी-मिशा आलेली पोरं दिसतात.

उत्तर : दाढीवरून काही ठरत नाही, काहींना लवकर येते. फिफानं, म्हणजे फुटबॉलच्या जागतिक संघटनेनं, २००९ पासून अंडर-१७ ला मनगटाचा एमआरआय आणला. मनगटाजवळ हाडाच्या टोकाला वाढीची कूर्चा असते, ती पूर्ण बुजून हाड एकसंध झालेलं दिसलं तर मुलगा सतराच्या पुढे असण्याची शक्यता खूपच जास्त. एक्स-रे नाही तर एमआरआय, कारण धडधाकट पोरांवर उगाच रेडिएशन कशाला. पण हे सतरापर्यंतच कामाचं, अंडर-२० ला उपयोग नाही, तिथे कागदपत्रांवरच भिस्त.

प्रश्न : क्लबवाले मध्येच खेळाडूला परत कसे काय बोलावतात?

उत्तर : बोलावू शकतात, कारण युथ वर्ल्ड कपसाठी खेळाडू सोडलाच पाहिजे अशी सक्ती क्लबवर नाही, ती सीनियर टीमपुरती. २०१७ ला भारतातल्या अंडर-१७ वर्ल्ड कपमध्ये इंग्लंडचा जेडन सँचो ग्रुपच्या मॅचेस खेळून ३ गोल मारून आपल्या जर्मन क्लबकडे, डॉर्टमुंडला परत गेला, आणि ब्राझीलच्या व्हिनिसियस ज्युनियरला तर त्याच्या फ्लेमेंगो क्लबनं सोडलंच नाही. मला हे खटकतं, पण पगार क्लब देतो. सँचो गेल्यावर इंग्लंडचं काही अडलं नाही म्हणा, रियान ब्रुस्टरनं क्वार्टर आणि सेमी दोन्हीत हॅटट्रिक (तीन-तीन गोल) टाकली आणि कोलकात्याच्या फायनलमध्ये स्पेनविरुद्ध ०-२ वरून ५-२ करून कप घेऊन गेले.