नंबरचा चष्मा घालून वर फेस शील्ड लावतो, तरी ग्राइंडिंग करताना डोळ्यात कण जातो. काय चुकतंय?

कण शील्डखालून येतोय. फेस शील्ड हनुवटीपाशी आणि कानांच्या बाजूला उघडंच असतं. ठिणग्या छातीवर आपटून उसळतात आणि आत शिरतात. आत नंबरचा चष्मा आहे, पण त्याला बाजूची झाकणं नाहीत आणि त्याची काच आघाताच्या चाचणीतून गेलेली नसते. शील्ड चेहऱ्यासाठी असतं, डोळ्यांसाठी आत गॉगल हवाच.

गॉगल घेताना त्यावरची खूण वाचा. ईएन १६६ या डोळ्यांच्या संरक्षणाच्या युरोपीय मानकात 'एफ' म्हणजे ६ मिमीची पोलादी गोळी सेकंदाला ४५ मीटर वेगाने मारून घेतलेली चाचणी, 'बी' म्हणजे १२० मीटर वेगाने. आता हिशेब करा: १०० मिमीची डिस्क ११,००० आरपीएमला फिरते तेव्हा तिच्या कडेचा वेग सेकंदाला सुमारे ५८ मीटर असतो. डिस्क फुटली तर तुकडा जवळपास त्याच वेगाने येणार. कानावर अडकवायचे सेफ्टी चष्मे 'एफ'च्या पुढे जात नाहीत, म्हणून ग्राइंडरसाठी मी पट्ट्याचा, चेहऱ्याला चिकटून बसणारा 'बी' गॉगलच सांगेन. नंबरच्या चष्म्यावरून बसणारेही मिळतात. फ्रेम आणि काच यांवर वेगवेगळी खूण असेल तर कमी असलेली धरायची.

काम संपल्यावरही कण जातात, हे सहसा लक्षात येत नाही. भुवयांवर आणि केसांत भुकटी साचलेली असते. गॉगल कपाळावर सरकवला की ती थेट डोळ्यात. मशीन बंद करा, हातमोजे काढा, डोळे मिटून मान पुढे झुकवा, कपाळ ओल्या फडक्याने पुसा, मग मागून पट्टा धरून गॉगल काढा. आणि कॉम्प्रेसरच्या हवेने अंग झटकणं बंद करा.

गॉगलवर वाफ धरते म्हणून तो काढून ठेवला जातो. अँटी-फॉग थर असलेला, हवेची भोकं थेट आत न उघडणारा घ्या. काच कोरडी पुसू नका, आधी पाण्याखाली धरा. नाहीतर चरे पडतात आणि थरही जातो.

कण गेलाच तर चोळू नका. स्वच्छ पाण्याची धार सोडा, पापण्यांची उघडझाप करा. निघाला नाही तर काडी, रुमालाचं टोक, चुंबक यातलं काही न वापरता त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जा. लोखंडाचा कण बुबुळावर राहिला की काही तासांतच भोवती गंजाचं कडं धरू लागतं, मग तेही खरवडून काढावं लागतं. बधिर करणारे थेंब स्वतःच्या मनाने घालू नका. वारंवार घातले तर बुबुळाचं नुकसान होतं.

छिन्नीवर हातोडा मारताना उडालेली कपची मात्र वेगळी. ती डोळ्याच्या आत शिरू शकते आणि दुखणं किरकोळ, नजरही ठीक वाटू शकते. असा संशय आला तर धुऊ नका, दाबू नका. डोळ्यावर कागदी कप पालथा ठेवून चिकटपट्टीने बसवा आणि तातडीने दवाखाना गाठा. लोखंडावर काम करत होतो, हे तिथे पहिल्यांदा सांगा, कारण आत लोखंड असताना एमआरआय (जोरदार चुंबकाने केली जाणारी तपासणी) केला तर ते डोळ्यात सरकू शकतं.