कॅल्शियमची बाटली राहू द्या, आधी भांड्यात काय पडतं ते सांगा

प्रश्न: डॉक्टर, आमचा लॅब्रेडॉर कुत्रा साडेतीन महिन्यांचा आहे, पुढचे पाय बाहेर फाकल्यासारखे दिसतात. पॅकेटचं पपी फूड देतो. सोसायटीतले सगळे म्हणतात कॅल्शियम कमी पडतंय, दुकानदारानं सिरप पण दिलंय, किती द्यायचं? रोज कोवळ्या उन्हातही बसवतो.
– एक वाचक, नाशिक

उत्तर: सिरप आजच बंद करा. चांगल्या पपी फूडमध्ये कॅल्शियम मोजून घातलेलं असतं, त्यात वरून सिरप म्हणजे डबल डोस. पूर्ण वाढलेल्या कुत्र्याचं आतडं गरजेपुरतं कॅल्शियम घेतं आणि बाकीचं सोडून देतं, पण पाच-सहा महिन्यांपर्यंतच्या पिल्लाला ते जमत नाही, दिलं त्यातलं बरंचसं आत जातं, आणि लॅब, जर्मन शेफर्ड, ग्रेट डेन असल्या झपाट्यानं वाढणाऱ्या जातीत त्यानंच हाडं आणि सांधे वेडेवाकडे वाढतात. म्हणजे ज्या पायांसाठी बाटली आणली तेच पाय बिघडायचे. शिवाय पाय फाकण्यामागे गुळगुळीत टाइल्स असतील, वाढलेलं वजन असेल, हाडाचाच काही प्रॉब्लेम असेल, ते नुसतं बघून कळत नाही, डॉक्टरांना पाय दाखवा आणि ते म्हणाले तर एक्स-रे काढा. पॅकेटवर ‘लार्ज ब्रीड पपी’, म्हणजे मोठ्या जातीच्या पिल्लांसाठी, असं लिहिलंय का तेही बघा.

आता हेच पिल्लू जर नुसत्या चिकन-भातावर असतं तर माझं उत्तर बरोब्बर उलटं असतं. बिनहाडाच्या चिकनमध्ये फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम जवळपास नाहीच, मग शरीर हाडांतलं कॅल्शियम काढून रक्तात आणतं आणि एक दिवस पिल्लू सोफ्यावरून साधी उडी मारतं नि पाय मोडून घेतं. अशा पिल्लाला कॅल्शियम लागतंच, पण वजन आणि रोजचं खाणं बघून ठरवलेलं, झाकणानं अंदाजे ओतलेलं नाही.

आणि कोवळ्या उन्हाचं म्हणाल तर बसवा खुशाल, त्याला आवडतं, पण व्हिटॅमिन डी त्यातून मिळत नाही. आपली कातडी उन्हात ते बनवते, कुत्र्या-मांजराची पुरेसं बनवतच नाही, त्यांना ते खाण्यातूनच यावं लागतं.

प्रश्न: आमच्याकडे मांस-मच्छी शिजत नाही. मनीला दूध-पोळी देतो, ती आवडीनं खाते. मल्टिव्हिटॅमिनचे ड्रॉप्स घातले तर भागेल ना?
– एक वाचक, सांगली

उत्तर: नाही भागणार, ताई. मांजर हा पक्का मांसाहारी प्राणी, आपलं घर शाकाहारी म्हणून तिचं शरीर बदलत नाही. टॉरिन नावाचा एक घटक तिला स्वतःला पुरेसा बनवता येत नाही, तो मांस-माशातून येतो, तो कमी पडला की डोळ्याचा पडदा खराब होतो आणि हृदय कमजोर होऊन फुगतं, हे हृदयाचं तर 1987 मध्येच सिद्ध झालंय. गाजरातून आपण व्हिटॅमिन ए बनवतो, तिला तेही जमत नाही. घरात शिजवायचं नसेल तर नका शिजवू, पण मांजरांसाठीचं पूर्ण आहार असलेलं पॅकेट आणा, त्यावर टॉरिन लिहिलेलं असतं, मग ड्रॉप्सची गरजच उरत नाही. दूध पुष्कळ मोठ्या मांजरांना पचत नाही, जुलाब होत असतील तर तेही बंद.

आणि कुणी म्हणालं की रोज कलेजी द्या, तर तेही नको. त्यात व्हिटॅमिन ए इतकं असतं की महिनोन् महिने दिलं की मानेचे मणके आखडतात.

प्रश्न: आमच्याच व्हिटॅमिनच्या गोळ्या अर्ध्या मोडून कुत्र्याला दिल्या तर चालतात का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर: नको. आपण आठवड्यातून एकदा घेतो ते व्हिटॅमिन डीचं सॅशे 60,000 युनिटचं असतं, दहा किलोच्या कुत्र्यानं एकच खाल्लं तरी विषबाधेची लक्षणं दिसू शकतात, रक्तातलं कॅल्शियम वाढून किडनीवर येतं. शुगर-फ्री गमी नि चघळायच्या गोळ्यांत झायलिटॉल हा साखरेऐवजी घातलेला गोड पदार्थ असेल तर अजूनच वाईट, कुत्र्याची साखर धाडकन उतरते, लिव्हरही जाऊ शकतं. लोहाच्या गोळ्याही तशाच. चुकून खाल्लंच तर उलटी व्हायची वाट बघत बसू नका, गोळ्यांचं पाकीट घेऊन थेट दवाखाना गाठा.

प्रश्न: अकरा वर्षांच्या कुत्रीला जिना चढवत नाही. फिश ऑइल द्यावं का?
– एक वाचक, पणजी

उत्तर: सांध्यांसाठी फिश ऑइलचा उपयोग होतो, सांध्यांसाठी विकतात त्या ग्लुकोसामाइनपेक्षा माझा त्यावर जास्त भरवसा आहे. फक्त बाटलीच्या पुढच्या बाजूचा 1000 मिग्रॅ हा आकडा बघू नका, साध्या कॅप्सूलमध्ये कामाची ओमेगा-3 फॅट्स, म्हणजे ईपीए आणि डीएचए, मिळून 300च्या आसपास असतं, ते मागे बारीक अक्षरात छापलेलं असतं आणि डोस त्यावरून ठरतो. कॉड लिव्हर ऑइल वेगळं, त्यात ए आणि डी असतं, ते घेऊ नका. तिचं वजन जास्त असेल तर आधी ते उतरवा, तेलापेक्षा त्याचाच फरक जास्त पडेल. आणि दुखतंय म्हणून घरातली आयबुप्रोफेन अजिबात देऊ नका, त्यानं पोटात अल्सर होतो नि किडनी जाते.