फोल्डिंग बोट घेतलीस? आधी एवढं बघ
अरे, बोट डगमगू नये म्हणून साइड फ्लोट (बाजूला लावायचे तरंगते), आउटरिगर (आडव्या दांड्यांवर बाहेर काढलेले तरंगते) वगैरे नंतर बघू, आधी वजन खाली ठेवायला शीक. उंच सीट लावू नकोस, सामान तळाशी मध्यभागी बांधून टाक आणि उभं राहायचं तर नावच काढू नको, नवीन लोकं बऱ्याचदा इथेच पडतात.

- लाइफ जॅकेट अंगात, सीटखाली नाही!
- पुढे-मागे हवेच्या पिशव्या भरून बांध, नाहीतर बोट उलटली की आत इतकं पाणी भरतं की ती रिकामी करणं एकट्याला जवळपास अशक्य.
- निघायच्या आधी प्रत्येक जोड, क्लिप, घडीची रेघ हाताने चाचपून बघ.

आणि किनाऱ्याजवळ, कमरेएवढ्या पाण्यात, कोणीतरी सोबत असताना मुद्दाम उलटून परत चढायचा सराव कर. वारा किनाऱ्याकडून खोल पाण्याकडे वाहत असेल तर त्या दिवशी बोट उघडूच नको.