बोटुकलीला (बोटाएवढ्या माशाच्या पिल्लाला) खाद्य किती घालायचं?

भाऊ, शेततळ्यात प्लास्टिकचा कागद आहे, म्हणजे तळाची माती नाही. नैसर्गिक खाद्य आपोआप कमीच तयार होणार, त्यामुळे वरून द्यावंच लागेल.

शेंगदाण्याची पेंड आणि भाताचा कोंडा समान वजनाने घे. पेंड रात्रभर भिजव, सकाळी कोंड्यात मळून गोळे कर. आपल्या खान्देशात सरकीची पेंड सहज मिळते, पण तिच्यात गॉसिपॉल नावाचं विषारी द्रव्य असतं. पिल्लांना तीच एकटी देऊ नकोस.

हिशेब वजनावर. 1000 बोटुकल्या, प्रत्येकी 10 ग्रॅम, म्हणजे 10 किलो मासा. त्याच्या 5 टक्के, म्हणजे रोज 500 ग्रॅम, सकाळ-संध्याकाळ विभागून. दर 15 दिवसांनी जाळं टाकून थोडे मासे तोल आणि आकडा बदल. अंदाजाने घमेलंभर टाकणारेच जास्त फसतात.

गोळे ताटात ठेवून पाण्यात सोड. दोन तासांनी उरलेलं दिसलं तर कमी कर; ते कुजतं आणि पाण्यातला प्राणवायू खातं. पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करत असतील तर त्या दिवशी खाद्य बंद, ताजं पाणी सोड. जळगावच्या मे महिन्यात हे हमखास होतं. थंडीत भूकच मंदावते, तेव्हा निम्मं पुरे.